बाल्कनीची सळई वरच का?

प्रश्न : आमच्या बाल्कनीचा स्लॅब लवकरच भरायचा आहे. नकाशात मुख्य सळया वरच्या बाजूला आहेत. सळया बांधणारा फिटर म्हणतो, ‘खालीच बांधू, काँक्रीट पडताना आकड्याने उचलून घेऊ.’ चालेल का?

उत्तर : मुळीच नाही, त्याला आधीच थांबवा. बाल्कनी एका कडेला बीममध्ये धरलेली आणि पुढे अधांतरी असते. भार आला की तिचा वरचा भाग ताणला जातो, खालचा दाबला जातो. काँक्रीट दाब चांगला सोसतं, ताणाला मात्र तडकतं. म्हणून ताण घेणारी सळई इथे वरच हवी. खोलीच्या स्लॅबला मध्यभागी ताण खाली असतो, म्हणून तिथे सळई खाली. त्या सवयीनेच बाल्कनीत चूक होते.

समजा, स्लॅब 120 मि.मी. जाड, वरचं कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) 20 आणि सळई 10 मि.मी.ची. तळापासून सळईच्या मध्यापर्यंत 95 मि.मी. मिळतात. पायाखाली सळई 30 मि.मी. दबली तर उरतात 65, म्हणजे जवळपास एक-तृतीयांश ताकद गेली. वरून स्लॅब मात्र अगदी धड दिसतो! ओल्या काँक्रीटमध्ये आकड्याने उचललेली सळई नेमकी किती वर आली, हेही कुणाला कळत नाही.

म्हणून खुर्च्या, म्हणजे वरच्या सळया तोलून धरणारे वाकवलेल्या सळईचे आधार, हव्यातच. मुख्य सळयांखाली 8 मि.मी.च्या आडव्या सळया बांधा आणि त्या खुर्च्यांवर टेकवा. खुर्ची 20 मि.मी.च्या कव्हर ब्लॉकवर, म्हणजे फळीवर ठेवलेल्या छोट्या ठोकळ्यावर, उभी असेल, तर तिची उंची 120 मधून 20, 10, 8 आणि 20 वजा जाता 62 मि.मी. दोन खुर्च्यांत एक मीटरपेक्षा जास्त अंतर नको. बीमच्या तोंडाशी एक ओळ जरूर ठेवा, कारण सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो. सळया बीमपलीकडे आतल्या स्लॅबमध्ये नकाशातल्या लांबीइतक्या गेल्यात का, तेही टेपने मोजा. चालायच्या फळ्यांना सेंटरिंगवरून (काँक्रीट भरायच्या साच्यावरून) स्वतंत्र आधार द्या, सळयांवर टेकवू नका. भरताना एक फिटर तिथेच हवा. पुढे टेकू काढताना मोकळ्या टोकाकडून बीमकडे या.

प्रश्न : कव्हर ब्लॉक कमी पडले तर खडी किंवा विटेचे तुकडे चालतील?

उत्तर : नाही. काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर लागला की खडी निसटते आणि सळई फळीला टेकते. वीट पाणी शोषते. सळईचा तुकडा ठेवला तर गंजाला आत शिरायला वाटच मिळते. ब्लॉक काँक्रीटइतकेच मजबूत, पाण्यात मुरवलेले आणि तारेने बांधलेले असावेत. बांधणीच्या तारेची टोकंही आत वळवा.

प्रश्न : सळयांवर तांबूस गंज आहे. घासायचा का?

उत्तर : हाताला लागणारी नुसती तांबूस भुकटी असेल तर गरज नाही. पापुद्रे सुटत असतील तर तारेच्या ब्रशने काढा आणि सळई बारीक झाली नाही ना, ते मोजा. सेंटरिंगचं तेल लागलं असेल तर मात्र पुसायलाच हवं. तेलकट सळईला काँक्रीट धरत नाही.