पणजोबा मूळ रत्नागिरीचे, १९४४ मध्ये इटलीत लढताना गेले. त्यांची कबर सांभाळायला आम्हाला इथून पैसे भरावे लागतात का?

नाही, एक रुपयाही नाही. ही देखभाल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, म्हणजे महायुद्धांत पडलेल्या राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी सांभाळणारी संस्था करते. खर्च सहा देशांची सरकारं उचलतात, त्यात भारतही आहे. त्यांच्या संकेतस्थळावर नाव किंवा सैनिक क्रमांक टाकून शोध फुकट घेता येतो. नाव इंग्रजीत कसंही लिहिलेलं असतं, म्हणून पलटणीवरूनही शोधा. मात्र कबर असेलच असं धरू नका. बऱ्याच हिंदू जवानांचं दहन झालं, काहींचा पत्ताच लागला नाही. अशांची फक्त नावं स्मारकांवर कोरली आहेत. माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे व्हिक्टोरिया क्रॉसचे, म्हणजे ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाचे मानकरी, तरी त्यांचंही नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या स्मारकावरच आहे.