असामान्य, विचित्र की अनवट?

सोलापुरात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी त्या समुद्री स्पंजांवर मराठीत लेख लिहीत आहेत. या प्राण्यांत जी 'अनयूज्वल फॅटी ॲसिड्स' सापडतात, त्यांना त्यांनी 'समुद्रफेनातील असामान्य वसाम्ले' म्हटलं. सहकाऱ्यांनी तिन्ही शब्दांवर बोट ठेवलं. मग लिहायचं काय?

ताई, समुद्रफेन आधी काढून टाका. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो तो समुद्रफेन म्हणजे माकुळाच्या जातीच्या प्राण्याच्या पाठीतलं पांढरं, हलकं कवच. स्पंजाशी त्याचा संबंध नाही. स्पंज हा शब्द मराठीत रुळलेला आहे, आणि त्याचा संघ सांगायचा झाला तर पाठ्यपुस्तकातलं 'रंध्रीय' आहेच.

वसाम्ल चुकीचं नाही, विश्वकोशात तेच आहे. शालेय पुस्तकांनी मात्र मेदाम्ल घेतलं. माझं मत मेदाम्लाच्या बाजूनं, आणि त्याचं कारण कानाचं आहे. संस्कृतात वसा म्हणजे चरबी. सुश्रुतसंहितेत शुद्ध मांसातल्या स्नेहाला वसा म्हटलंय. पण मराठी कानाला वसा म्हटलं की श्रावणातल्या कहाण्या आठवतात: उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस. वसाम्ल वाचताना वाचक क्षणभर अडखळतो. मेदाला ती अडचण नाही.

मेदाम्लावर एक आक्षेप येतो, तो जाणकारांचा असतो म्हणून सांगतो. संस्कृतात मूळ शब्द मेदस्, म्हणूनच मेदोरोग, मेदोवृद्धी. त्या हिशेबानं संधी 'मेदोऽम्ल' व्हायला हवा. पण मराठीनं मेद हा शब्द अकारान्तच घेतलाय. आपण 'मेदाचं प्रमाण' म्हणतो, तसं मेदाम्लही बिनघोर म्हणावं.

आपल्या सोलापुरात याची आणखी एक बाजू कानावर पडते. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत चरबीला कोव्वु म्हणतात, कन्नड घरांत कोब्बु. माजलेल्या माणसाला आपण 'चरबी चढलीय' म्हणतो, तसेच हे दोन्ही शब्द त्या भाषांत माजासाठीही वापरतात. तरी त्यांनी शास्त्रातही तेच घेतले: तेलुगूत कोव्वु आम्लं, कन्नडमध्ये कोब्बिन आम्ल. आपणही चरबीचं आम्ल म्हणू शकलो असतो. आता मेदाम्ल मुलांच्या तोंडी बसलंय, ते मोडू नये.

मेदाम्लं ज्या मोठ्या गटात मोडतात, त्या लिपिडला मात्र 'स्निग्ध पदार्थ' करू नका. शेंगाचटणी कुटताना जे सुटतं ते स्निग्ध. लिपिडांत कोलेस्टेरॉलसारखी स्टेरॉलंही येतात, आणि स्पंजांची स्टेरॉलंही वेगळीच असतात. लिपिड, अनेकवचनी लिपिडे, असंच राहू द्या.

आता खरा पेच, 'असामान्य'. मराठीत हा गौरवाचा शब्द आहे. असामान्य कर्तृत्व, असामान्य बुद्धिमत्ता. स्पंजातलं मेदाम्ल असं थोर नाही. विचित्र म्हणावं तर त्यात नाक मुरडणं आलं. दुर्मीळ म्हणावं तर स्पंजाच्या शरीरात ते भरपूर असतं. अद्वितीयही चालणार नाही, ते का हे रसायन पाहिल्यावर कळेल.

आपल्या ज्वारीच्या रानातली करडई घ्या. तिच्या तेलात सर्वांत जास्त असतं ते लिनोलेइक आम्ल. १८ कार्बनची साखळी, आणि आम्लाच्या टोकाकडून मोजल्यास ९व्या आणि १२व्या कार्बनपाशी दुहेरी बंध. अंतर तीनचं. आपल्या जेवणातल्या बहुतेक मेदाम्लांची लांबी १६ किंवा १८, आणि जिथं एकाहून जास्त दुहेरी बंध असतात तिथं ते बहुधा तीनच्या अंतरानं येतात. स्पंजांत साखळी २४ ते ३० कार्बनांपर्यंत जाते, आणि बंध येतात ५ आणि ९ या जागी. अंतर चारचं. १९५१ मध्ये येल विद्यापीठाच्या वर्नर बर्गमन यांनी सहकाऱ्याबरोबर सुबेराइटिस जातीच्या स्पंजात २६ कार्बनचं मेदाम्ल असल्याचं मांडलं. (याच बर्गमन यांना दुसऱ्या एका स्पंजात वेगळ्याच धाटणीची न्यूक्लिओसाइडं, म्हणजे डीएनएच्या घटकांसारखी संयुगं, मिळाली, आणि त्यांच्यावरून पुढं रक्ताच्या कर्करोगावरचं सायटॅराबिन आलं. लेखात हे जरूर घ्या.) १९७०च्या दशकात लिचफिल्ड आणि सहकाऱ्यांनी मायक्रोसिओना प्रोलिफेरा या स्पंजात ५,९ ची जोडी नेमकी दाखवली, आणि अशा आम्लांना डेमोस्पाँजिक आम्लं हे नाव मिळालं. ही आम्लं पेशींच्या पटलांतच बसलेली असतात. स्पंज आधी साखळी लांबवतो आणि मग तिच्यात ५ आणि ९ चे बंध घालतो. काही स्पंजांत तर ब्रोमीन जोडलेली मेदाम्लंही आढळली आहेत.

आता अद्वितीयचं. पाइनच्या बियांच्या तेलात पिनोलेनिक आम्ल असतं, त्याचे बंध ५, ९ आणि १२. म्हणजे स्पंजाची ५,९ ची जोडी डोंगरातल्या झाडाकडेही आहे, फक्त साखळी १८चीच.

म्हणून मी 'अनवट' सुचवतो. पायाच्या अंगठ्यातल्या दागिन्यालाही अनवट म्हणतात, पण इथं अभिप्रेत आहे तो संगीतातला. अनवट राग म्हणजे मैफिलीत क्वचित ऐकू येणारा राग. त्यात उणं काही नसतं, आपल्या कानावरून तो फारसा गेलेला नसतो इतकंच. जयपूर घराण्याची ख्याती अशा रागांसाठीच आहे. जो राग इतरांना अनवट, तो त्या घराण्याच्या रोजच्या रियाजातला. स्पंजाचं अगदी हेच आहे. करडई आणि शेंगदाणा पाहणाऱ्या आपल्याला ५,९ अनवट, स्पंजाला ते रोजचंच. 'अनयूज्वल'मध्ये पाहणाऱ्याची सवय दडलेली आहे, आणि मराठीत ती सवय सांगणारा याच्याइतका चपखल शब्द मला दुसरा सापडला नाही.

कुणी म्हणेल, शास्त्राच्या लेखात हा शब्द कवितेसारखा वाटतो. मला तसं वाटत नाही, पण पहिल्यांदा वापरताना तो उलगडून द्यावा. तुमच्या लेखाचं पहिलं वाक्य मी असं लिहीन:

'समुद्रातल्या स्पंजांच्या पेशीपटलांत २४ ते ३० कार्बनांची, ५ आणि ९ या जागी दुहेरी बंध असलेली मेदाम्ले आढळतात. जमिनीवरच्या आपल्या ओळखीच्या तेलातुपात ती सहसा दिसत नाहीत, म्हणून त्यांना इथे अनवट मेदाम्ले म्हटले आहे.'