साहेबांचा फोटो लहान ठेव

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

आमदारांच्या संपर्क कार्यालयात तू रुजू झालास हे तुझ्या आईकडून कळलं. तू पाठवलेली पहिली पोस्टही पाहिली. 'पावसाळ्यात आरोग्याची काळजी घ्या', आणि वर साहेब हात जोडून. हसू आलं, कारण पीए असताना असल्या पोस्टी मी ढिगाने काढल्या. पण मला सांग, ती वाचून माणसाने उठून करायचं काय?

वस्तीवर खाली अंथरूण टाकून झोपलेल्याला मण्यार चावली तर बऱ्याचदा दुखत नाही की सूज येत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात आणि घरचे ओवा देतात. त्या घरातल्या बाईला रात्री दोन वाजता उपयोगी पडेल असं लिही. 108 ला फोन करा, माणसाला चालवू नका, आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे थांबू नका. शिवाय सापाची लस आपल्या तालुक्यात आज कुठे आहे, तेही. ही शेवटची ओळ तुला कुठे छापलेली मिळणार नाही. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन करून ती मिळवायची, आणि जूनमध्ये मिळालेलं उत्तर ऑगस्टमध्ये पुन्हा तपासायचं.

योजनांचंही तेच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत 'कुटुंबाला वर्षाला 5 लाख' असं ठळक छापलंस, की दुसऱ्या दिवशी लोक पासबुक घेऊन दारात! पैसे हातात येत नाहीत, हे आधी लिही. योजनेतल्याच रुग्णालयात, ठरलेल्या उपचारांसाठी भरती व्हावं लागतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला, गाठायचं. भलत्याच दवाखान्यात बिल भरून मग कार्यालयात आलेल्या माणसाला आपण चहाखेरीज फारसं काही देऊ शकत नाही. अशा कितीतरी जणांना मी चहा पाजलाय.

साथ आली की तुझी खरी परीक्षा. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या गिया-बारे या नसांच्या आजाराचे, रुग्ण वाढले. संशय मुख्यतः दूषित पाण्यावर होता, पण मोबाइलवर बदनाम झाली कोंबडी. असं काही झालं तर रोज संध्याकाळी ठरल्या वेळी चार ओळी टाक. आज काय कळलं, पाण्याचा कुठला अहवाल यायचाय, तोवर पाणी उकळून प्या. 'अजून कळलेलं नाही' असं लिहायला साहेब कचरतील. मोठ्या डॉक्टरांनाही तसं म्हणावं लागतं, हे त्यांना सांग.

अधिवेशनात साहेबांनी प्रश्न विचारला की क्लिप टाकायची घाई होते. टाक. पण मंत्र्यांनी उत्तर काय दिलं तेही टाक, आणि तीन महिन्यांनी आरोग्य केंद्रातलं डॉक्टरचं रिकामं पद भरलं का, तेही. नसेल भरलं तर तसंच लिही. कार्यालयात यावर कुरबुर होईल.

आता एक गोष्ट, जी मी फारशी कुणाला सांगत नाही. क्षयरोग्यांना पोषण आहाराच्या टोपल्या वाटायचा कार्यक्रम होता. एका मुलीला टोपली देताना साहेबांचा फोटो मी काढला आणि सगळ्या ग्रुपवर टाकला. तिचा औषधांचा कोर्स पुरा होत आला होता, लग्न ठरलं होतं. ते मोडलं. तिचे वडील कार्यालयात आले, भांडले नाहीत, फक्त फोटो काढून टाका म्हणाले. माझ्या फोनवरून मी तो काढला, पण तोवर तो किती फोनांत गेला होता कुणास ठाऊक. त्यानंतर रुग्णाचा चेहरा, नाव, गाव यातलं काहीही माझ्या हातून बाहेर गेलं नाही. मदतनिधीचा धनादेश देतानाही नाही. 'फोटो कुठाय?' असं साहेबांनी विचारलं, तर माझं नाव सांग.

लसीच्या साठ्याचा फोन सोमवारी सकाळीच कर. दुपारनंतर अधिकारी बैठकीत असतात. काय उत्तर मिळालं ते मला कळव.

तुझा,
काका