वाचकांचे प्रश्न : ताप उतरल्यानंतरचा हिवताप

पावसाळा सुरू झाल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये हिवतापाविषयीची पत्रे सर्वांत जास्त आहेत. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या मुलाला जुलै महिन्यात थंडी वाजून ताप आला. रक्ततपासणीत व्हायवॅक्स मलेरिया निघाला. औषध सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि आठवड्याभरात तो कॉलेजला जाऊ लागला. त्यानंतर आम्ही सर्व खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या आणि घरात आता डास दिसतही नाहीत. तरीही ऑक्टोबरमध्ये त्याला पुन्हा तसाच ताप आला आणि रक्तात पुन्हा व्हायवॅक्सच निघाला. डासच नाहीत, तर हा ताप आला कोठून? डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या ज्या वेगळ्या गोळ्या दिल्या होत्या त्या त्याने सहा दिवस घेतल्या. पोटात मळमळायचे आणि ताप तर नव्हताच, म्हणून पुढे घेतल्या नाहीत. — एक आई, डोंबिवली

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा आपल्या पत्राच्या शेवटच्या दोन वाक्यांतच आहे. हिवतापाचा डास चावतो तेव्हा त्याच्या लाळेतून शरीरात शिरलेले जंतू रक्तात थांबत नाहीत, तर तासाभराच्या आतच यकृतात जाऊन बसतात. तेथे त्यांची संख्या हजारोंनी वाढते आणि साधारण आठवड्याभराने ते रक्तात उतरून तांबड्या पेशींमध्ये शिरतात. या पेशी एकाच वेळी फुटतात तेव्हा हुडहुडी भरते, दात वाजू लागतात, मग ताप चढतो आणि शेवटी घाम फुटून उतरतो. व्हायवॅक्स या प्रकारच्या हिवतापात हे चक्र अठ्ठेचाळीस तासांचे असते आणि म्हणूनच जुनी माणसे त्याला एकांतरा ताप म्हणत असत. मात्र व्हायवॅक्सचे सगळेच जंतू एकदम रक्तात उतरत नाहीत. काही जंतू यकृताच्या पेशींमध्ये निद्रिस्त राहतात आणि काही आठवड्यांनी, कित्येकदा काही महिन्यांनी, जागे होतात. त्यासाठी नवा डास चावावा लागत नाही.

पहिल्या तीन दिवसांत दिले जाणारे क्लोरोक्वीन रक्तातील जंतूंचा नाश करते आणि ताप उतरतो तो त्यामुळे. यकृतात दडलेल्या जंतूंवर मात्र त्याचा काहीही परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्वीन असते आणि आपल्याकडील राष्ट्रीय कार्यक्रमानुसार व्हायवॅक्सच्या रुग्णाला ते चौदा दिवस दिले जाते. म्हणजे ज्या गोळ्या ताप नसताना घ्यायच्या त्याच या आजाराची मुळे काढणाऱ्या असतात आणि नेमक्या त्याच अर्ध्यावर सुटतात. बाहेर कोठे डास चावून मुलाला नव्याने लागण झाली असण्याची शक्यता मी पूर्णपणे नाकारू शकत नाही, परंतु सहा दिवसांवर सुटलेला उपचार पाहता जुनेच जंतू पुन्हा उठले असावेत असे मला वाटते.

या गोळ्यांबाबत एक सावधगिरी घ्यावी लागते. काही व्यक्तींमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचे विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असते आणि अशा व्यक्तीने प्रायमाक्वीन घेतल्यास तांबड्या पेशी फुटू लागतात. त्यामुळे मुलाची ही साधी रक्ततपासणी आता करून घ्यावी आणि त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने संपूर्ण चौदा दिवसांचा क्रम नव्याने सुरू करावा. गोळी रिकाम्या पोटी न घेता जेवणानंतर घेतली की मळमळ बरीच कमी होते. गोळ्या चालू असताना लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, ओठ निळसर दिसू लागले किंवा डोळे पिवळे पडले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गर्भवती स्त्रिया आणि एक वर्षाखालील बालके यांना हे औषध देत नाहीत. घरातील कोणी आजारी पडल्यास आपल्या मुलाच्या उरलेल्या गोळ्या त्यांना कृपया देऊ नयेत.

माझ्या दवाखान्यात सेंट्रिंगचे काम करणारा एक तरुण एका वर्षात तीनदा हिवताप घेऊन आला होता. प्रत्येक वेळी ताप उतरला की तो कामावर जाई आणि गोळ्यांची पट्टी खोलीवरच राही. चौथ्या वेळेची वाट न पाहता आम्ही त्याच्या जेवणाच्या डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवला आणि त्यावर चौदा चौकटी आखून दिल्या. जेवण झाले, गोळी घेतली, की एक चौकट खोडायची. चौदाही चौकटी खोडलेले ते झाकण तो मला दाखवायला घेऊन आला होता.

प्रश्न : मी आश्रमशाळेत शिक्षक आहे. आमच्या भागात दरवर्षी पावसाळ्यानंतर हिवताप वाढतो. या वर्षी आरोग्य पथकाने सर्व मुलांचे रक्त तपासले तेव्हा ताप नसलेली, अंगणात खेळणारी काही मुलेही बाधित निघाली. हे कसे शक्य आहे? तसेच औषधीयुक्त मच्छरदाण्या मिळाल्या आहेत, परंतु त्यांच्या वासाने डोळे चुरचुरतात म्हणून मुले त्या वापरत नाहीत. — एक शिक्षक, धानोरा तालुका, जिल्हा गडचिरोली

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण महाराष्ट्रातील हिवतापाचा सर्वांत कठीण भाग आपल्याच जिल्ह्यात आहे. शहरांत प्रामुख्याने व्हायवॅक्स आढळतो. आपल्याकडील जंगलपट्ट्यात मात्र फाल्सिपेरम हा हिवतापाचा दुसरा प्रकार जास्त आहे आणि हिवतापाने होणारे बहुतेक मृत्यू त्याच्यामुळेच होतात. याचे जंतू यकृतात झोपून राहत नाहीत, परंतु बाधित तांबड्या पेशी लहान रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूस चिकटून बसतात आणि हे मेंदूत घडले तर एक-दोन दिवसांत मूल बेशुद्ध होऊ शकते. म्हणून तापलेले मूल बरळू लागले, त्याला झटके आले, धाप लागली, लघवी कमी झाली, काहीही पोटात ठरेना किंवा ते उठून बसू शकेना, तर सकाळची वाट पाहू नये. रात्रीच त्याला रुग्णालयात न्यावे.

आता ताप नसलेल्या मुलांविषयी. ज्या भागात लहानपणापासून वारंवार लागण होते तेथे शरीर जंतूंना पुरते हटवू शकत नाही, परंतु त्यांच्यासह चालते-फिरते राहण्याइतकी प्रतिकारशक्ती कमावते. अशा मुलाच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला की कधी कधी चंद्रकोरीसारखे बारीक, बाकदार जंतू दिसतात. हीच त्यांची डासात जाणारी अवस्था होय. या अवस्थेतील जंतू मुलाला ताप आणत नाहीत, पण त्याला चावलेल्या डासाला बाधित करतात आणि साधारण दहा-बारा दिवसांनी तो डास शेजारच्या पलंगावरील मुलाला आजार देऊ शकतो. फाल्सिपेरमच्या तीन दिवसांच्या उपचाराबरोबर प्रायमाक्वीनची एकच मात्रा दिली जाते ती याच चंद्रकोरींसाठी. तेव्हा ‘पोरगं तर खेळतंय’ असे पालक म्हणाले तरी बाधित निघालेल्या प्रत्येक मुलाला पूर्ण उपचार मिळेल हे आपण पाहावे. अशक्तपणा, पांढरे पडलेले डोळे आणि अभ्यासात न लागणारे चित्त यांच्यामागे कित्येकदा हाच मूक हिवताप असतो.

मच्छरदाणीची तक्रार खरी आहे आणि ती दूर करता येते. पिशवीतून काढलेली नवी मच्छरदाणी लगेच बांधू नये, ती पूर्ण एक दिवस सावलीत वाऱ्यावर पसरून ठेवावी म्हणजे चुरचुर होत नाही. ती वारंवार धुऊ नये. धुवायची झाल्यास साध्या साबणाने हलक्या हाताने धुवावी आणि उन्हात न घालता सावलीत वाळवावी. धुतलेले पाणी ओढ्यात सोडू नये, कारण त्यातील औषध माशांना मारक असते. वापरताना कडा गादीखाली खोचून घ्याव्यात. हिवतापाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणून मुले उकाड्यामुळे अंगणात झोपत असतील तर मच्छरदाणीही अंगणात आली पाहिजे. खाटेच्या चार पायांना चार काठ्या बांधल्या की एवढे काम होते.

प्रश्न : आमच्या सोसायटीत या महिन्यात हिवतापाचे चार रुग्ण निघाले. रहिवासी रोज धूरफवारणीची मागणी करत आहेत. ती किती वेळा करून घ्यावी? — सोसायटीचे एक चिटणीस, परळ, मुंबई

उत्तर : धुराने त्या वेळी उडणारे डास मरतात आणि धूर विरला की त्याचा परिणामही संपतो. आपल्या रुग्णांचे मूळ बहुधा आपल्याच गच्चीवर आहे. शहरातील हिवतापाचा डास, ॲनॉफिलिस स्टीफेन्सी, गटारात वाढत नाही, त्याला स्वच्छ, साठलेले पाणी लागते. मुंबईला ही गोष्ट शंभर वर्षांहून अधिक काळापासून माहीत आहे. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाची पाहणी करून हा डास शहरातील विहिरींत वाढतो असे दाखवले आणि त्यानंतर अनेक विहिरी बुजवण्यात किंवा झाकण्यात आल्या. आता विहिरींची जागा टाक्यांनी घेतली आहे.

आपण स्वतः विजेरी घेऊन गच्चीवर जावे. टाकीचे झाकण उचलून प्रकाश तिरपा टाकावा आणि थोडा वेळ न हलता पाहावे. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, काडीच्या तुकड्यांसारख्या आडव्या पडलेल्या अळ्या दिसल्या आणि आपली सावली पडताच त्या झटक्याने मागे सरकल्या, तर त्या हिवतापाच्या डासाच्या आहेत. डेंग्यूच्या डासाच्या अळ्या डोके खाली करून तिरप्या लोंबकळतात. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला उन्हाळी हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून साठवणीची भांडी आठवड्यातून एक दिवस पूर्ण रिकामी करून, आतून घासून कोरडी ठेवण्याचा नियम केलेला आहे. मोठी टाकी दर आठवड्याला रिकामी करता येत नाही. तेथे घट्ट बसणारे झाकण हवे आणि ओव्हरफ्लोच्या व हवेच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधलेली हवी. लिफ्टचा खड्डा, तळघरातील पंपाजवळचे पाणी आणि वापरात नसलेले कारंजे हेही तपासावे. कारंजात किंवा शोभेच्या हौदात गप्पी मासे सोडावेत. शेजारी बांधकाम चालू असेल तर क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्यासाठी, साठवलेले पाणी आणि तेथे राहणाऱ्या मजुरांची रक्ततपासणी, या दोन्ही गोष्टींसाठी महापालिकेच्या कीटकनाशक विभागाकडे आणि आरोग्य केंद्राकडे लेखी कळवावे. त्या मजुरांकडे संशयाने पाहू नये, कारण उघड्या पाण्याशेजारी मच्छरदाणीविना झोपणारे तेच असतात आणि सर्वांत आधी आजारीही तेच पडतात.

प्रश्न : माझे यजमान कंपनीच्या कामासाठी सहा महिने नायजेरियाला जाणार आहेत. हिवतापाची लस पुण्यात तयार होते असे वाचले. ती त्यांना देता येईल का? — एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. आर-२१ ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते आणि जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. परंतु ही शिफारस हिवतापग्रस्त प्रदेशांतील लहान मुलांसाठी असून प्रवासाला जाणाऱ्या प्रौढांसाठी नाही. आपल्या यजमानांनी मच्छरदाणी, अंगभर कपडे आणि डास दूर ठेवणारे मलम यांबरोबर प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात. या गोळ्यांचे अनेक प्रकार आहेत आणि कोणती योग्य हे त्यांच्या इतर आजारांवर अवलंबून असते, म्हणून निघण्यापूर्वी काही आठवडे डॉक्टरांना भेटावे. प्रवासासाठी द्यावी लागणारी पीतज्वराची लस वेगळी आहे, तिने हिवताप टळत नाही. गोळ्या परत आल्यावरही सांगितलेले दिवस चालू ठेवाव्यात. परतल्यानंतर काही महिन्यांत केव्हाही ताप आला तर ‘मी नायजेरियाहून आलो आहे’ हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे.

प्रश्न : आपल्या देशातून हिवताप कधी जाईल का? — एक निवृत्त शिक्षक, नागपूर

उत्तर : एकदा तो जवळजवळ गेला होता. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे आठ लाख लोक दगावत. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, घरोघरी डीडीटी फवारले गेले आणि १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या सुमारे एक लाखावर आली. मग डासांना डीडीटीची सवय झाली, पुरवठा अडखळला, गावोगावची देखरेख सैल पडली आणि १९७६ मध्ये हाच आकडा ६४ लाखांच्या पुढे गेला. श्रीलंकेतही १९६३ साली अवघे १७ रुग्ण उरले होते आणि त्यानंतर पाच-सहा वर्षांतच लाखो रुग्णांची साथ आली. मात्र त्या देशाने पुन्हा चिकाटी धरली आणि २०१६ मध्ये त्याला हिवतापमुक्त म्हणून मान्यता मिळाली. म्हणून हे आपल्यालाही शक्य आहे असे मी मनापासून मानतो. २०२७ पर्यंत देशांतर्गत लागण शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट आपल्या देशाने ठेवले आहे.

शेवटचे थोडे रुग्ण शोधणे हे यातले सर्वांत अवघड काम असते आणि ते आशाताई व आरोग्य सेवक दारोदार फिरून करतात. आपल्या घरी त्या आल्या आणि ‘ताप येऊन गेला का’ असे विचारले, तर गेल्या पंधरवड्यात येऊन गेलेला आणि आपोआप उतरलेला तापही त्यांना सांगावा आणि बोटातून रक्ताचा थेंब घेऊ द्यावा.