अपयशातून माणूस खरंच घडतो, की ही मनाची समजूत?

घडतो, पण आपोआप नाही. काटोलला मामाची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलांसाठी, डिसेंबर-जानेवारीत झाडांचं पाणी तोडतात, त्याला 'ताण देणं' म्हणतात. पानं मलूल होतात, वाढ थांबते. लहानपणी वाटायचं, मामा झाडं मारून टाकतोय! मग खत-पाणी दिलं की फुलं धरतात. ताण जास्त झाला तर मात्र पानगळ. आणि नंतर पाणीच दिलं नाही तर कसला बहार?

माझं सांगतो. २०१९ मध्ये नागपूरच्या इतवारीतलं भागीदारीतलं दुकान बुडालं. वर्षभर मी धंतोलीतून जाणं टाळलं, कारण भागीदार तिथे राहायचा. "यातून चांगलंच होईल" म्हणणाऱ्यांचा राग यायचा (अजूनही येतो). कामी आल्या दोनच गोष्टी: बायकोसमोर सगळं कर्ज कागदावर मांडलं आणि रोज रात्री वहीत लिहू लागलो. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा १९८६ चा प्रयोग असाच होता: सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगावर लिहायचं. सुरुवातीला त्रासच होतो. तिसऱ्या आठवड्यात माझ्या वहीत उतरलं, की ओळखीपाळखीत उधारी मीच वाटत होतो, भागीदार नाही.

आता छोटं दुकान आहे, उधार बंद. भागीदार परवा तर्री-पोह्याच्या ठेल्यावर भेटला. पैसे त्यानेच दिले.