डिस्चार्जनंतर वडील हार्ट फेल्युअरच्या गोळ्या विसरतात, कोणतं अ‍ॅप वापरू?

अ‍ॅप राहू द्या, मोबाइलचा अलार्म पुरतो. वडील आठवड्यापूर्वी सोलापुरातच अ‍ॅडमिट होते, रोज आठ गोळ्या आहेत आणि ते विसरतात, असं तुम्ही लिहिलंय. माझं स्पष्ट मत, विसरण्यापेक्षा जास्त घोळ घरातल्या औषधांच्या जुन्या पिशवीत असतो. ती आधी कॉटवर उलटी करा.

अशा पिशवीत बीपीची जुनी रॅमिप्रिल हमखास निघते, आणि दवाखान्याने आता हार्ट फेल्युअरसाठी सॅक्युबिट्रिल-वलसार्टन ही जोडगोळी दिलेली असते. ही दोन्ही एकत्र चालतच नाहीत. जुनीचा शेवटचा डोस आणि नवीचा पहिला, यांत 36 तास जावे लागतात. नाहीतर ओठ, जीभ, घसा सुजून श्वास कोंडू शकतो. टॉर्सेमाइड, म्हणजे लघवीची गोळी, दोन कंपन्यांची, दोन रंगांची निघते. घरचे दोन्ही देतात, लघवी होऊन होऊन चक्कर येते, मग कुणीतरी शहाणं दोन्ही बंद करतं आणि पाय पुन्हा सुजतात. एखादी पट्टी अर्धी कापलेली, नाव-तारखेचं टोक दुकानातच राहिलेलं. आणि तळाशी गुडघ्यासाठीची डायक्लोफेनॅक. ही अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, किडनीवरही ताण आणते.

मुद्दाम बंद केलेल्या गोळ्या वेगळ्याच. ‘शुगर नाही, मग शुगरची गोळी कशाला?’ म्हणून डॅपाग्लिफ्लोझिन जाते. ती इथे हृदयासाठी असते. बीपी नॉर्मल आलं म्हणून मेटोप्रोलॉल (ठोके आवरणारी गोळी) एकदम थांबवतात, ते तर धोक्याचंच. पंढरपूरला एसटीने जायचं म्हणून लघवीची गोळी चुकवतात. चुकवू नका, पोचल्यावर दुपारपर्यंत घ्या.

वजन रोज सकाळी, लघवी करून, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. आकडा कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढलं, किंवा आडवं झाल्यावर दम लागून जादा उशी घ्यावी लागली, तर ओपीडीच्या तारखेची वाट न बघता फोन करा.

मीठ दिवसाला सगळं मिळून सपाट चमचाभर, म्हणजे 5 ग्रॅम. शेंगा चटणी त्यातच मोजायची, पापड-लोणचंही. सैंधव म्हणजे पथ्य नव्हे, तेही सोडियमच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन ही गोळीही पोटॅशियम वाढवते, ती चालू असताना हे मीठ विचारल्याशिवाय नकोच.

हो, एक राहिलं. इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात घाम, जुलाब, उलट्या झाल्या तर लघवीची गोळी आणि डॅपाग्लिफ्लोझिन तशीच रेटू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. डोस बदलला की एक-दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) आणि पोटॅशियम तपासायचं. बसल्या जागी दम लागला किंवा शुद्ध हरपली तर थेट 108.

बाकी, ‘पेशंट औषधं नीट घेत नाही’ हा फाइलवरचा शेरा मला कधीच पटलेला नाही. डिस्चार्ज कार्डावर नव्या गोळ्या इंग्रजीत छापतात, बंद केलेल्या बहुतेक वेळा लिहीतच नाहीत, आणि समजावतात मुलाला, पण गोळ्या देते सून. पुढच्या तारखेला सगळी पिशवी घेऊन जा, गोळ्या देणाऱ्या माणसालाही सोबत न्या. प्रत्येक पट्टीवर मार्करने ‘चालू’ किंवा ‘बंद’ लिहून मागा. गर्दी आहे म्हणाले तरी उठू नका.