ट्रेलरमध्ये उंदीर झालेत, विष ठेवू का?

विष ठेवू नका. पाकीट फोडलं नसेल तर दुकानात परत देऊन या, मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय, झोपायची सोय असलेला ट्रेलर पावसाळाभर उभा होता, गादीखाली लेंड्या निघाल्या, आणि शेजारी सांगतात की विष खाल्लं की उंदराला तहान लागते, तो बाहेर पाण्याला जातो आणि तिकडंच मरतो. हेच वाक्य मला दाजींनी ऐकवलं होतं. म्हणून लिहायला बसलो.

मी कसबा बावड्याचा. जुनी ट्रॅव्हलर घेऊन आत दोन बेड, ओटा, सिंक असं करून घेतलंय. 2021 च्या जुलैत पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडली, तेव्हा गाडी उचगावला दाजींच्या शेडात नेऊन लावली. शेडात सरकी पेंडीची पोती. दीड महिना गाडी तिथंच राहिली. उंदीर दिसले तसं दाजींनी मला न विचारता बेडखाली विषाच्या वड्या टाकल्या आणि आठवड्यानं फोन करून सांगितलं, "झालं बघ काम, एक दिसत नाही आता."

सप्टेंबरात आईला घेऊन मालवणला मावशीकडं निघालो. बाहेर पाऊस, काचा बंद. राधानगरीपर्यंत आई म्हणत होती, कायतरी कुजलंय. दाजीपूरच्या पुढं गाडी थांबवावी लागली, तिला दोनदा उलटी झाली. मालवणात पोचल्यावर मागच्या बाजूचा प्लायचा तक्ता खोलला. चौदा स्क्रू. आत थर्माकोलचा चुरा, गादीचा कापूस आणि लाल-हिरव्या चिंध्या. त्या चिंध्या आईच्या वाकळेच्या होत्या. तिनं स्वतःच्या लुगड्यांची शिवलेली वाकळ मी बेडखाली ठेवली होती, तिचा एक कोपराच कुरतडून नेलेला. त्या मऊ घरट्यात उंदीर मरून पडला होता, आणि शेजारून गेलेल्या दोन वायरींची तांब्याची तार उघडी. ठिणगी पडली असती तर तो थर्माकोल धडाधडा पेटला असता.

तहानेची गोष्ट खोटी आहे. बाजारात मिळणाऱ्या ब्रोमॅडिओलोनसारख्या विषानं रक्त गोठायचं थांबतं आणि उंदीर तीन-चार दिवसांनी किंवा त्याहून उशिरा मरतो. मधल्या दिवसांत अशक्त झालेलं जनावर घरट्यातच जाऊन पडणार ना? तुमच्या ट्रेलरचं घरटं तक्त्यामागं असणार, म्हणजे मढंही तिथंच. दाजी अजून म्हणतात की चूक माझी, मी डब्यात भडंग ठेवलं होतं. ठेवलं होतं, कबूल. पण भडंगाला वास सुटत नाही.

खरं काम भोकं बुजवायचं. रात्री ट्रेलरच्या आत मोठा दिवा लावा, बाहेरचे सगळे दिवे घालवा आणि खाली ताडपत्री टाकून उताणे झोपा. जिथून उजेड गळतो तिथून उंदीर येतो. मला अकरा जागा सापडल्या, त्यातली सगळ्यात मोठी सिंकच्या पाइपाभोवती. पेन्सिल जाईल एवढं भोक लहान उंदराला पुरतं. नुसता फोम मारू नका, ते कुरतडून टाकतात. भांडी घासायची तारेची घासणी ठासून भरा, वरून सिलिकॉन. हवेच्या जाळीला बारीक लोखंडी जाळी लावा. आत राहिलेल्यांसाठी चाप, भिंतीला लागून, शेंगदाण्याचा कूट आणि गूळ कालवून. चापात मेलेला निदान हाताला लागतो. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, कर्णकर्कश आवाजाचं यंत्र, सगळं करून झालंय. तंबाखूच्या पुडीवरच लेंड्या होत्या.

शेतात किंवा गोदामात विषाचा हिशोब वेगळा, त्याबद्दल मी बोलत नाही. पण घरात मांजर-कुत्रं असेल तर विष खाल्लेला उंदीर त्यांच्या पोटात जाऊ शकतो, हे ध्यानात ठेवा. असं काही झालं तर थांबू नका, लगेच जनावरांच्या डॉक्टरकडं जा, व्हिटॅमिन के देतात.

आणि त्या गादीखालच्या लेंड्या कोरड्या झाडूनं झाडू नका. दारं-खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवा, हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी शिंपडून पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदानं पुसून घ्या. उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप (लेप्टोस्पायरोसिस) होतो, हाताला जखम असेल तर दुसऱ्याला सांगा. वाकळ मी तीनदा उकळत्या पाण्यातून काढली. आईनं कोपऱ्याला नवं ठिगळ लावलंय, आता वाकळ घरातच असते.